रिसीव्हर आणि पाच स्पीकर: दिवाळी ते गणपती, वापरानंतरचा अनुभव

दिवाळीत डेनॉनचा ५.१ (पाच स्पीकर आणि बेससाठी एक सबवूफर) रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज सगळ्या स्पीकरना वाटून देणारा ॲम्प्लिफायर, आणि स्पीकरचा सेट घेतला. मुलुंडचा फ्लॅट, हॉल साधारण दहा बाय चौदा, सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला. आता अख्खा पावसाळा काढून झाल्यावर लिहितेय. रिसीव्हरबद्दल तक्रार नाही. एचडीएमआय एआरसीवर (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत पाठवणारी एचडीएमआय जोडणी) टीव्ही जोडला की एकाच रिमोटने भागतं आणि आवाज आमच्या हॉलला उरून पुरतो. पण रिव्ह्यूमध्ये सगळे वॉट मोजत बसतात, मागच्या वायरींकडे कोणी बघत नाही. मला तरी खरा फरक तिथेच दिसला.

दुकानातून आलेल्या मुलाने त्याच्याकडचीच वायर टाकली. पारदर्शक प्लास्टिक, आत तांबूस तारा, दिसायला छान. जूनच्या शेवटी झाडू मारताना पाहिलं तर टीव्हीमागे, जिथे खिडकीची ओल येते, तिथे टोकं हिरवट पडलेली. डाव्या बाजूच्या सराउंडमधून (ऐकणाऱ्याच्या बाजूला लावलेला स्पीकर) मधूनमधून खरखर यायची ती त्यामुळेच. एक तार ब्लेडने खरवडली आणि आतून चंदेरी निघाली. म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा. ॲल्युमिनियममधून वीज तांब्याच्या साधारण साठ टक्केच वाहते, शिवाय दोनदा वाकवलं की तार तुटते. घेताना दुकानात उभ्या उभ्याच खरवडून बघा, दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

मग लॅमिंग्टन रोडवरून शुद्ध तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची वायर आणली. ८ ओहमच्या स्पीकरला दहा-बारा मीटरपर्यंत ती निवांत पुरते. ४ ओहमचे स्पीकर असतील किंवा अंतर फार असेल तर २.५ ची घ्या. त्याहून महागड्या, कापडी वेष्टणाच्या वायरी मीटरवर विकतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. दोन्ही बाजूंच्या वायरी सारख्याच लांबीच्या हव्यात, असं दुकानदार ठासून सांगतो आणि उरलेली वेटोळी टीव्हीमागे कोंबायला लावतो. वायरीतल्या दोन-चार मीटरच्या फरकाने जो वेळ जातो तो कानाला कळण्याच्या पार पलीकडचा. हवेतून येणारा आवाज मात्र मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद घेतो, म्हणून स्पीकरचं अंतर महत्त्वाचं. आणि ते रिसीव्हर सांभाळून घेतो.

टोकांना बनाना प्लग (वायरीच्या टोकाला बसवून रिसीव्हरच्या खुंटीत घालायच्या पिना) लावले. हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा खर्च. उघड्या वायरीचा केसाएवढा एक धागा जरी शेजारच्या खुंटीला टेकला तरी रिसीव्हर खट् आवाज करून स्वतःला बंद करतो आणि लाल दिवा लुकलुकत राहतो. साधारण एक सेंटिमीटर साल काढायची, धागे घट्ट पिळायचे, प्लगमध्ये घालून स्क्रू आवळायचा. हे करताना रिसीव्हरचा प्लग भिंतीतून काढलेला असावा, नुसता स्टँडबायवर नाही.

वायरी बदलताना आणखी एक सापडलं. उजव्या फ्रंटची, म्हणजे समोरच्या उजव्या स्पीकरची, लाल-काळी उलटी जोडलेली होती. स्पीकर त्यानेही वाजतो, म्हणून महिनोन्महिने कळत नाही. पण दोन्ही फ्रंट एकमेकांविरुद्ध हलतात, बेस पातळ होतो आणि गायिका मध्यभागी उभी न राहता खोलीभर पसरते. शंका असेल तर वायर रिसीव्हरकडून सोडवून तिच्या दोन टोकांना पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलचा प्लस लाल वायरीला लावल्यावर वूफरचा पडदा बाहेर आला तर जोडणी बरोबर.

सराउंडची वायर दाराच्या चौकटीवरून केसिंग पट्टीतून नेली. सोफा भिंतीला लागून असल्यामुळे दोन्ही सराउंड बाजूच्या भिंतींवर, बसल्यावर कानाच्या थोडे वर आहेत. पुस्तकात ते थोडे मागे हवेत म्हणतात, पण मागे जागाच नाही.

शेवटी माइक लावून ऑडिसी, म्हणजे खोलीतला आवाज मोजून स्पीकर जुळवून घेणारी रिसीव्हरमधली सोय, चालवायचं. पंखे बंद, एसी बंद, खिडक्या बंद, सगळे गप्प. ऑक्टोबरच्या उकाड्यात हे कोणाला जमतं! आमच्याकडे पहाटे पाचला केलं, रविवारी. सबवूफरचं अंतर त्याने प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवलं, ते बदलू नका. सबच्या आतल्या सर्किटला वेळ लागतो, तोच त्याने धरलेला असतो. मुख्य स्पीकर मात्र 'लार्ज' ठरवले होते, ते 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर (ज्याखालचा बेस सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झवर आणला. बेस सबकडे गेल्यावर फ्रंट एकदम मोकळे वाजायला लागले.

सेंटरची (मधल्या स्पीकरची) पातळीही दोन डेसिबलने वाढवली. संवाद मुख्यतः तिथूनच येतात, आणि सासूबाईंना बातम्या आता सबटायटलशिवाय कळतात. खालच्या मजल्यावरच्या काकूंसाठी रात्री दहानंतर सब बंद ठेवते, कारण उंच आवाज दारात अडतो, बेस स्लॅबमधून सरळ त्यांच्या बेडरूममध्ये उतरतो.