४३,४९९ रुपयांची कॉफी

कॉफीच्या नावाखाली फसलो, तो आकडा आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्यावं. ४३,४९९ रुपये. त्यातले १८,२९९ माझे, १६,८०० मेहुण्याचे आणि ८,४०० ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे. वर मी कामाला अकाउंट्समध्ये. दुसऱ्याच्या बिलात तीन रुपयांचा फरक दिसला तरी बिल परत पाठवणारा माणूस आहे मी.

पद्धत तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आधी थोडा माल चोख द्यायचा, मग आगाऊ पैसे उचलायचे, मग गायब. मलाही माहीत होती. म्हणून तर लिहायला लाज वाटतेय आणि म्हणूनच लिहितोय.

जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामवर एक पेज दिसलं. कूर्गच्या मळ्यातून थेट घरी. पाव किलोचे ४५० रुपये. आलेली कॉफी उत्तम होती, हे मी आजही नाकारणार नाही. दाणे एका मापाचे, तुटका-फुटका नाही, पाकीट उघडलं तेव्हा स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत वास. फेब्रुवारीत अर्धा किलो मागवली, ८५० रुपये. तीही तशीच.

आणि हा पेजवाला माणूस फोनवर विकायचा नाही, शिकवायचा! सगळी फळं एकदम पिकत नाहीत, त्यामुळे एकाच झाडाकडे तीन-चार वेळा जाऊन फक्त लाल फळं हातानं तोडावी लागतात. चार हिरवी मिसळली तरी कपात तुरटपणा येतो. पाच-सहा किलो फळांमागे जेमतेम किलोभर हिरवा दाणा मिळतो, आणि भाजताना त्यातलंही १५ ते २० टक्के वजन उडतं. वर सावलीची झाडं सांभाळायची, दाणे धुवायचे, वाळवायचे, निवडायचे. ‘मग सर, चांगली कॉफी चारशे रुपये किलोनं कशी मिळेल?’ मी हे सगळं पडताळून पाहिलं होतं. सगळं बरोबर निघालं. या चोरानं कॉफीबद्दल मला एक शब्द खोटा सांगितला नाही. खोटा होता तो मळा आणि खोटा तो स्वतः, आणि ते तपासायचं मात्र मला सुचलं नाही. कॉफीचं ज्ञान असलं की विकणारा प्रामाणिक, असं का वाटलं देव जाणे.

त्यात फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाचा, म्हणजे कॉफीच्या महागड्या जातीचा, भाव पाउंडाला चार डॉलरच्या वर गेला. ब्राझीलमधला दुष्काळ वगैरे. बातम्या खऱ्याच होत्या, त्यानं फक्त कात्रणं पाठवली. ‘सर, आत्ता १,४०० नं वर्षभराचा दर बांधून देतो, दिवाळीनंतर २,००० ला पण मिळणार नाही.’ बारा महिने, महिन्याला किलो, १६,८०० रुपये. ९ मार्चला यूपीआयनं पाठवले. खात्यावर नाव मळ्याचं नव्हतं, कुणा भलत्याच माणसाचं होतं. ‘मॅनेजरचं खातं आहे’ म्हणाला. धंदा एका नावाचा आणि खातं दुसऱ्याच्या नावाचं असेल तर तिथंच फोन ठेवा. मी ठेवला नाही.

एप्रिलची कॉफी चांगली आली, मेचीही. मग मी शहाणा, मेहुण्याला आणि सहकाऱ्याला कप पाजून तयार केलं. मेहुण्यानं १६,८०० भरले, सहकाऱ्यानं महिना अर्धा किलोचे ८,४००.

जूनमध्ये दाण्यांऐवजी पूड आली. ‘पावसाळ्यात दाणे दमट होतात सर, म्हणून दळून पाठवतोय.’ दळलेली कॉफी दाण्यांपेक्षा किती लवकर उतरते हे त्यानंच मला जानेवारीत सांगितलं होतं. पाकिटावर भाजल्याची तारीख १८ जून आणि कुरिअरच्या चिठ्ठीवर बुकिंग १६ जून. म्हणजे भाजायच्या दोन दिवस आधीच कॉफी निघाली होती! हे मला ऑगस्टमध्ये दिसलं. तारखा जुळवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

पण खरी चपराक जुलैची आहे. १३ जुलै, रविवार सकाळ. मी कप हातात घेऊन बसलोय आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला, ‘आजची तोडणी, सर’. टोपल्यांत लालबुंद फळं, मागं अंगणात दाणे पसरलेले, बाया दाताळ्यानं ते ओढतायत, आणि कडक ऊन. इतकं कडक की सावल्या काळ्याकुट्ट पडलेल्या. माझ्या खिडकीबाहेर पाऊस कोसळत होता. कूर्गमध्ये जुलैत काय पाऊस असतो ते शाळेतलं पोरही सांगेल. शिवाय मार्च-एप्रिलच्या सरींनी झाड फुलतं आणि फळ पिकायला पुढं आठ-नऊ महिने लागतात, तोडणी नोव्हेंबर-डिसेंबरात सुरू होते, हे याच माणसानं मला समजावलं होतं. जुलैत ती फळं हिरवीच असणार. मी व्हिडिओ तीनदा पाहिला. काहीतरी खटकलं, नक्की खटकलं. आणि मग मी स्वतःच त्याची वकिली केली. म्हटलं उघडीप पडली असेल. म्हटलं ते मान्सून मलबार म्हणतात तसलं काही असेल. अरे गाढवा, ते आधीच वाळवलेले दाणे असतात, किनाऱ्यावरच्या गोदामात मुद्दाम दमट वाऱ्यावर ठेवून फुगवतात. त्यात लाल फळांच्या टोपल्या कुठून येणार? पण १६,८०० भरून बसलेल्या माणसाला फसवणूक दिसत नाही, पाहायचीच नसते.

त्या व्हिडिओनंतर, म्हणजे खटकल्यानंतर, २९ जुलैला मी आणखी १,४९९ भरले. रस्ता खचलाय, पार्सलचा विमा काढावा लागतोय म्हणे. बुडालेल्या रकमांत ही सगळ्यात लहान आहे आणि रात्री झोप तिच्यामुळेच लागत नाही.

२ ऑगस्टला पेज गेलं. मेसेजला एकच टिक. त्या रात्री काचेच्या ग्लासात गार पाणी घेतलं आणि जूनची पूड चमचाभर वर टाकली. कॉफी तरंगत राहते, चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड, बुडते. निम्म्याहून जास्त पूड तपकिरी रेघा सोडत सरळ तळाला गेली. पाकिटावर छापलेलं ‘१००% अरेबिका’. चिकोरी मिसळणं गुन्हा नाही, पण पाकिटावर प्रमाण लिहावं लागतं आणि कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते. मग अन्न परवान्याचा नंबर मोजला. १४ आकडे असतात. याचे १३ होते. घरी असेल नसेल ते पाकीट आत्ता उचला आणि मोजा.

पुढचं ऐका. पोलीस ठाण्यात साहेबांनी आधी विचारलं, ‘कॉफी? वर्षाची? किती माणसं आहेत घरात?’ मग म्हणाले, माल दिलाय ना काही महिने, मग हे दिवाणी प्रकरण. मी म्हटलं, दिवाणी दावा कुणावर लावू, नाव तरी सांगा. तर सायबरच्या टेबलावर पाठवलं. त्या टेबलावर सांगितलं, उशिरा आलात, पैसे पुढं सरकले असणार. बँकेत गेलो तर म्हणे पिन तुम्हीच टाकलाय. बरोबर आहे, मीच टाकलाय, दरोडा पडला असता तर तुमच्याकडे आलो असतो का? अर्ज घेतला, पोच दिली नाही, दुसऱ्या खेपेला म्हणाले अर्जच सापडत नाही. भेसळीचं बघतात त्या ऑफिसात पाकीट उलटंपालटं करून परत दिलं, ‘फोडलेलं आहे’. न फोडता मला कसं कळणार होतं? ग्राहकाला फी भरून नमुना तपासून घेता येतो, २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात कलम ४० आहे, हे मला तिथं कुणी सांगितलं नाही, घरी येऊन वाचलं. तीन वेळा अर्धी रजा टाकली. साहेब जेवायला गेलेत, साहेब मीटिंगला आहेत, साहेबांची बदली झाली.

तर पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, आधी रडत बसू नका. मी दोन दिवस त्याला ‘सर प्लीज रिप्लाय’ पाठवत होतो. विकणाऱ्याचं नाव-पत्ता असेल तर ग्राहक आयोगात आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही. माझ्याकडे नाव-पत्ताच नाही. आणि चांगली कॉफी महाग असते हे खरंच आहे, पण दर महिन्याची दर महिन्याला घ्या. वर्षभराची आगाऊ घ्यायला ते काय गहू आहेत?

सहकाऱ्याचे ८,४०० मी पगारातून फेडले. मेहुणा राखीला आला तेव्हा एवढंच म्हणाला, ‘दाजी, तुम्ही सांगितलं म्हणून भरले.’ त्याचे पुढच्या दोन महिन्यांत देतोय, तो नको म्हणत नाहीये. उरलेली पूड बायकोनं स्टीलच्या डब्यात भरून वर चिठ्ठी चिकटवलीय, ‘पुरावा. पिऊ नये.’ पाहुण्यांना दिसेल अशा फळीवर ठेवलाय.