नेव्हिड्रोम : गाण्यांचा संग्रह हलवायचा असेल तर

नेव्हिड्रोम हा मोफत, मुक्तस्रोत संगीत सर्व्हर आहे, म्हणजे घरच्या संगणकावरची आपली गाणी फोनवर किंवा ब्राउझरमध्ये ऐकवणारा प्रोग्राम. घरच्या जुन्या नॅस पेटीवरून (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यावरून) माझा सगळा संग्रह त्यावर हलवून आता बरेच महिने झाले. संग्रह म्हणजे बाबांच्या कॅसेटींवरून उतरवलेल्या खाजगी मैफली, नाट्यपदं, भावगीतं, सीड्यांवरून घेतलेल्या फ्लॅक (आवाज न गमावता आकुंचित केलेल्या) फाइली आणि कॉलेजच्या काळात जमवलेले एमपी३, असा सगळा मिसळीचा कारभार. ऐकायला सर्व्हर कसा आहे ते सांगतेच, पण आधी हलवाहलवीबद्दल, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

नेव्हिड्रोमचा मला सगळ्यात आवडलेला गुण म्हणजे ते आपल्या फाइलींना हात लावत नाही. टॅग (फाइलीतच लिहिलेली गाणं, गायक, अल्बम वगैरे माहिती) वाचतं, स्वतःच्या एसक्यूलाइट डेटाबेसात (एका फाइलीत मावणाऱ्या) मांडतं, बस. गाण्यांचा फोल्डर मी फक्त वाचण्याच्या परवानगीने जोडलाय आणि त्याचं काही अडत नाही. आधीच्या पेटीचं (कंपनीचं नाव घेत नाही) उलटं होतं. मी हाताने दुरुस्त केलेली गायकांची नावं, दिलेले तारे, कुठलं गाणं किती वेळा वाजलं, सगळं तिच्या स्वतःच्या डेटाबेसात, आणि बाहेर काढायची सोय फक्त प्लेलिस्टपुरती. स्क्रीनवर 'माणिक वर्मा' दिसायचं आणि तीच फाइल संगणकावर उघडली की 'ट्रॅक ०७, अननोन आर्टिस्ट'.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे जे काही आहे ते फाइलीत लिहून टाकणं. सर्व्हर बदलण्याच्या आधी, नंतर नव्हे. विकत मिळणाऱ्या सीड्यांसाठी म्युझिकब्रेन्झ या खुल्या संगीतकोशाचं पिकार्ड हे टॅग भरायचं साधन उत्तम आहे. गाण्याच्या ध्वनीठशावरूनही ते ओळख पटवतं. पण कुणाच्या तरी दिवाणखान्यात झालेल्या मैफलीचा ठसा जगात कुठेच नसतो. तिथे एमपी३टॅग हे हाताने टॅग भरायचं साधन घेऊन बसायचं आणि फाइलच्या नावावरून टॅग भरून घ्यायचे. कॅसेटींच्या वेव्ह फाइली आधी फ्लॅक करा. आवाजात तसूभर फरक पडत नाही, जागा वाचते, आणि वेव्हमध्ये टॅगांचा जो आनंदीआनंद असतो तो संपतो. जुन्या एमपी३मध्ये आयडी३ची (एमपी३त टॅग लिहायच्या पद्धतीची) नुसती पहिलीच आवृत्ती असेल तर ती काढून दुसरी लिहा. पहिल्या आवृत्तीत गाण्याच्या नावाला मोजून ३० बाइट मिळतात आणि लिपी कुठली हे सांगायची सोयच नाही. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८मध्ये (अक्षरं साठवायच्या आजच्या रूढ पद्धतीत) ३ बाइट खातं. करा हिशेब.

मराठी माणसासाठी एक खास सापळा 'ऱ्या'चा आहे. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावातला 'ऱ' तोडून 'र' आणि खालचा नुक्ता (टिंब) असे दोन तुकडे करून साठवते. लिनक्स जसं आलं तसं ठेवतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण प्लेलिस्टच्या एम३यू फाइलीत अखंड 'ऱ' आणि डिस्कवर तुटलेला, असं झालं की ते गाणं यादीतून गुपचूप गळू शकतं. वारे, तारे आणि किनारे यांची सामान्य रूपं भावगीतांत किती येतात ते आठवा! कॉन्व्हएमव्ही नावाचं छोटं साधन एनएफसी (तुटलेली अक्षरं अखंड करणारा) पर्याय देऊन सगळ्या नावांवरून फिरवा. ते आधी काय बदलेल एवढंच दाखवतं, आपण हो म्हटल्याशिवाय हात लावत नाही.

तारखांचंही तसंच. नेव्हिड्रोम 'नुकतीच आलेली' ही यादी मुळात स्कॅन केल्याच्या वेळेवरून लावतं, म्हणजे नव्या सर्व्हरवर पहिल्या दिवशी सगळा संग्रहच नुकता आलेला! 'रीसेन्टली ॲडेड बाय मॉड टाइम' हा पर्याय चालू केला की ते फाइलीची तारीख धरतं. त्यासाठी ती तारीख शाबूत यायला हवी. फाइली हलवायला आरसिंक हे प्रत करायचं साधन घ्या, त्याचा आर्काइव्ह पर्याय वापरा, आणि पिकार्डमध्ये फाइलींचे टाइमस्टॅम्प जपण्याची खूण करून ठेवा, नाहीतर एक टॅग बदलला की १५ वर्षांपूर्वीची फाइल आजची होते. प्रत नीट आली का हे पाहायला फ्लॅकच्या स्वतःच्या चाचणीवर विसंबू नका. तिच्यातली एमडी५ बेरीज (मजकूर बदलला की बदलणारा पडताळणीचा आकडा) फक्त आवाजाची असते, टॅगांची नाही. दोन्हीकडे अख्ख्या फाइलीची शा-२५६ ही तशीच बेरीज काढून ताडून बघा.

आता कौतुक. २०२५ सालच्या ०.५५ आवृत्तीपासून नेव्हिड्रोम एका गाण्याचे अनेक कलाकार त्यांच्या भूमिकांसकट वाचतं: गायक, संगीतकार, गीतकार, वादक. आपल्या संगीताला हे केवढं सोयीचं आहे! गीतरामायणाच्या ५६ गीतांत गदिमा गीतकार म्हणून आणि सुधीर फडके गायक-संगीतकार म्हणून येतात, आणि कलाकारांच्या पानावर भूमिका निवडून नुसते गीतकार पाहता येतात. मैफलींच्या फाइलींत मी 'परफॉर्मर' टॅगात वाद्यासकट साथीदार लिहिलेत. त्यामुळे एखाद्या तबलजीच्या नावावर टिचकी मारली की त्याने कुणाकुणाला साथ केली ते समोर येतं. पैसे भरून घेतलेल्या कुठल्याही स्ट्रीमिंग सेवेवर मला हे मिळालेलं नाही. गीतरामायणासारख्या संचाला मात्र डिस्क क्रमांक आणि ट्रॅक क्रमांक दोन्ही हवेतच, नाहीतर रामजन्माआधी वनवास. आणि 'अल्बम आर्टिस्ट' सगळीकडे एकच ठेवा. तो रिकामा राहिला तर निरनिराळ्या गायकांच्या नाट्यपदांच्या एका सीडीच्या चिंध्या होतात.

राग लिहायला टॅगांच्या ठरीव यादीत जागा नाही, पण फ्लॅकमध्ये आपल्याला हवं ते नाव देऊन टॅग घालता येतो आणि नेव्हिड्रोमच्या कॉन्फिगमध्ये तो ओळखायला शिकवता येतो. मग स्मार्ट प्लेलिस्ट: सकाळी ललत, भैरव, तोडी, दिवेलागणीला मारवा, पूरिया. मात्र ही यादी जेएसओएन फाइलीत (कंसांच्या ठरावीक मांडणीतल्या मजकुरात) हाताने लिहावी लागते. माझ्या मोठ्या भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, त्यापेक्षा मी रेडिओ लावतो." (मी धाकटी आहे. उपहासाने ताई म्हणतो.)

उणिवाही आहेत. फोल्डरनुसार बघायची सोय वेबवर नाही, सगळं टॅगांवर. ज्यांनी वर्षानुवर्षं 'मैफली > पुणे > सवाई' असे फोल्डर लावले आणि टॅग कोरे ठेवले, त्यांनी इकडे फिरकू नये. जेलीफिन वगैरे दुसरे सर्व्हर पाहावेत. फोनवरच्या ॲपांना मिळणाऱ्या कलाकारांच्या अनुक्रमणिकेत मुळात रोमन अक्षरंच असतात, त्यामुळे देवनागरी नावं सगळी '#'खाली. कॉन्फिगमधल्या 'इंडेक्स ग्रुप्स'मध्ये आपली अक्षरं घातली की ती मार्गी लागतात. शिवाय तारे आणि वाजल्याच्या नोंदी इथेही डेटाबेसातच राहतात, म्हणजे जुन्या पेटीबद्दलची माझी तक्रार इथेही थोडी लागू आहेच. पण ही एसक्यूलाइटची उघडी फाइल आहे, कुणालाही वाचता येते, आणि ०.५४पासून ठरावीक वेळेला तिची बॅकअप प्रत घ्यायची सोय आत दिलेली आहे. ती चालू करा. त्या प्रतीत गाणी नसतात, एवढं लक्षात ठेवा.

ऐकण्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, आणि ते चांगलंच. माझ्याकडे रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर ते निमूट चालतं. सबसॉनिक या जुन्या संगीत सर्व्हरची ॲपांशी बोलायची बोली येत असल्यामुळे ॲप निवडायला मोकळीक आहे. मी सिम्फोनियम विकत घेतलं, आईच्या फोनवर फुकटातलं सबस्ट्रीमर आहे. बाहेर असताना सर्व्हर फ्लॅकचं ओपस (बऱ्याच लहान आकाराचं रूप) करून पाठवतो, त्यामुळे लोकलमध्ये कर्जतच्या पुढे रेंज गचके खात असतानाही ख्याल तुटत नाही. टॅगांवर बसायची तयारी असेल तर पाचपैकी साडेचार. नसेल तर अडीच.