'शायनिंग' बघू की 'लाइटहाऊस'?
कोल्हापुरात पाऊस लागून राहिला की मला एका जागी अडकलेल्या माणसांचे असलेच भीतीचे पिच्चर बघावेसे वाटतात. दिग्दर्शक कुब्रिकचा 'द शायनिंग' (१९८०) म्हणजे बर्फात अडकलेलं रिकामं हॉटेल, नवरा-बायको आणि एक पोरगं. त्या पोराची तीनचाकी गालिच्यावर आली की आवाज बंद, लाकडी फरशीवर गेली की घर्रर्र, परत बंद, आणि कॅमेरा मागनं तसाच सरकत जातो, बास एवढ्यावरच माझे हात गार पडले, भूत-बित काय दिसायच्या आधीच.

दिग्दर्शक एगर्सचा 'द लाइटहाऊस' (२०१९) ब्लॅक अँड व्हाइट, फ्रेम जवळजवळ चौकोनी, त्यामुळं दीपगृहावर ड्यूटीला आलेली दोघं माणसं डब्यात कोंडल्यागत वाटतात, वर तो भोंगा सारखा वाजतोय. चार आठवड्यांची ड्यूटी, मग वादळ, न्यायला बोट येतच नाही. २०१९च्या पुरात हायवे बंद होता तेव्हा आम्हीपण असंच दिवस मोजत बसलेलो, म्हणून असेल, हा मला जास्त लागला. डायलॉग मात्र लय जड, सबटायटल लावाच.

पहिल्यांदा असलं काही बघणार असाल तर शायनिंग घ्या. मी परत बघणार तो लाइटहाऊसच, रात्री, हेडफोन लावून.