पाइपच्या तंबाखूची वडी: क्लॅम्प की जॅक?

पाइपमध्ये ओढायच्या तंबाखूची पानं दाबून घट्ट वडी करतात. महिन्याला एखादी वडी करायची असेल तर सी-क्लॅम्पच घ्या, म्हणजे स्क्रूनं आवळायचा C आकाराचा शिकंजा. सांगलीत हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. लाकडी साच्यात व्हर्जिनिया आणि बर्ली या तंबाखूच्या जातींची वाफवलेली पानं भरायची, वर फळी ठेवून आवळायचं. पानं दबली की क्लॅम्प सैल पडतो, म्हणून पहिल्या दिवशी येता-जाता पिळत राहावं लागतं. बॉटल जॅक म्हणजे गाडी उचलायचा उभा हायड्रॉलिक जॅक; त्याला वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी चॅनेलची चौकट करून घ्यायची, हा खर्च वेगळा. पण दोन टनांचा जॅकही वडी अशी घट्ट करतो की सुरीनं पातळ काप निघतात. माझी क्लॅम्पची वडी मात्र कडेला भुसभुशीत राहते. पान जास्त ओलं राहिलं तर दोन्हींत बुरशी ठरलेली. पावसाळ्यात मी साच्याला हातच लावत नाही.