अ‍ॅक्रोसाठी आठ बाय चारची घडीची मॅट: पावसाळाभर वापरल्यावर

अ‍ॅक्रो म्हणजे जोडीने करायच्या तोलाच्या कसरती. त्यासाठी घेतलेल्या मॅटची शिवण उसवली, म्हणून लिहितोय. मॅट बहुतेकांना ठाऊक आहे: दोन इंच फोम, वर रेक्झिन, दोन-दोन फुटांचे चार पट्टे, कडेला वेलक्रो. उसवली ती मधल्या घडीची शिवण. विक्रेत्याच्या मते ही 'वापरातली झीज', वॉरंटीत बसत नाही. घडीच्या मॅटची घडी घालणं हीच झीज असेल तर वॉरंटी नेमकी कशाची? शेवटी स्कूटरच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्याने दीडशे रुपयांत जाड नायलॉन दोऱ्याची दुहेरी टीप मारून दिली. मूळ एकेरी टिपेपेक्षा पक्की आहे.

उसवण्यापेक्षा जाच त्या घडीचाच. बेस, म्हणजे खालून तोलून धरणारा, मॅटच्या लांबीत झोपला की पहिली घडी बरोबर कमरेखाली येते. बर्ड म्हणजे झोपलेल्या बेसच्या पावलांवर वरचा, म्हणजे फ्लायर, पक्ष्यासारखा आडवा तरंगतो ती मुद्रा. तिच्यात फ्लायरचं सगळं वजन बेसच्या सरळ पायांतून कमरेच्या हाडांवर उतरतं. खाली खाच असेल तर कंबर डुगडुगते, पाय नव्वद अंशांतून कलतात, गुडघे वाकतात. गुडघा वाकला की भार हाडांवरून मांड्यांवर जातो आणि पाय थरथरू लागतात. नवशिक्यांना वाटतं ताकद कमी पडतेय.

यावर उपाय म्हणजे मधल्या एका पट्ट्यात आडवं झोपायचं. पाय वर असल्याने डोकं ते कंबर चार फुटांत आरामात मावतं. मात्र डोक्याकडे मॅट लगेच संपते आणि बर्डमधला फ्लायर पुष्कळदा तिकडेच कलंडतो. तिथे दुसरी मॅट टाका. स्पॉटरने, म्हणजे पडताना सावरणाऱ्याने, बाजूला, फ्लायरच्या कमरेला हात पोहोचेल असं उभं राहावं. उभ्याने बेस करताना पाऊल घडीवर नको, घोटा मुरगळतो.

सुरुवातीला फोम फार कडक वाटतो. आता मत उलट आहे: कडक आहे तेच बरं. मऊ गादीवर हँडस्टँड केला, म्हणजे हातांवर उलटं उभं राहिलं, की तळहाताचा मनगटाकडचा भाग रुततो, मनगट नव्वद अंशांपलीकडे दुमडतं आणि दुखतं. उभ्या हँड टू हँडची, म्हणजे उभ्या बेसच्या हातांवर फ्लायरने केलेल्या हँडस्टँडची, उंची मात्र दोन इंचांच्या आवाक्याबाहेरची. त्याला जाड क्रॅश मॅटच हवी. घामाने रेक्झिन निसरडं होतं, म्हणून बेसने सुती टी-शर्ट घालावा. पुसायला साबणाचं पाणी पुरे, सॅनिटायझर नको.

मुरलेल्या जोड्यांना अर्थात घडीने काही फरक पडत नाही. त्या बागेतल्या उंचसखल हिरवळीवरही स्थिर असतात. अ‍ॅक्रोबॅटिक जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेत 12 बाय 12 मीटरच्या फ्लोअरवर जोडीला तोलाची मुद्रा 3 सेकंद धरावी लागते. त्यांचे व्हिडिओ पाहताना वरच्यावरून नजर काढून खालच्याच्या मनगटांकडे बघा. फ्लायर फळीसारखा ताठ, तोल सावरतो तो बेस, तोही बोटाच्या पेराएवढ्या हालचालीत. वरचा स्वतः सावरायला गेला की दोघं एकमेकांच्या मागे धावतात आणि पडतात. हँड टू हँडमध्ये काहीच न करणं हे इतकं कठीण कसब आहे!

घेणार असाल तर टीप दुहेरी आहे का तेवढं आधी विचारा. चारऐवजी दोन पट्ट्यांची मिळाली तर तीच घ्या. स्कूटरवर नेता येणार नाही, रिक्षाचे पैसे धरून चाला.