एलिट डेंजरसमधली लढाई: सात महिने वापरून झाल्यावर, फक्त कंट्रोल्सबद्दल

एलिट डेंजरस हा अवकाशयान चालवण्याचा गेम पीसीवर डिसेंबर २०१४ मध्ये आला. व्यापार, खाणकाम, तारे धुंडाळणं यावर पुष्कळ लिहून झालं आहे. इथे फक्त जहाज हातात कसं येतं आणि लढाईत ते कुठे दगा देतं, एवढंच. वापर झाला तो मुख्यतः वायपर मार्क थ्री आणि व्हल्चर या लढाऊ जहाजांवर, आधी कीबोर्ड-माउसने, मग जॉयस्टिक आणि वेगळा थ्रॉटल (वेगाचा दांडा) घेऊन.

पहिली गोष्ट वेगाची पट्टी. रडारच्या उजवीकडे ती असते आणि तिचा मधला भाग निळा असतो. जहाजाचा वेग त्या निळ्या भागात असेल तेव्हाच नाक सगळ्यात लवकर वळतं. नवा माणूस शत्रू मागे गेला की थ्रॉटल पूर्ण ढकलतो आणि स्टिक खेचत बसतो. जहाज भलंमोठं वर्तुळ काढतं, शत्रू आतल्या बाजूने वळून शेपटीला लागतो. इथे मोजला जातो तो प्रत्यक्ष वेग, थ्रॉटलची जागा नव्हे. वायपरचा साधा कमाल वेग ३२० मीटर प्रतिसेकंद. त्या वेगात असताना थ्रॉटल निम्म्यावर आणला तरी वेग उतरेपर्यंत वळण जडच राहतं. म्हणून थ्रॉटल वळणाच्या आधी कमी करायचा. शत्रू बाजूने निघून गेल्यावर केला तर उशीर झालेला असतो.

बूस्ट, म्हणजे इंजिनचा क्षणिक जोर, हा पळण्यापेक्षा वळण्यासाठी जास्त उपयोगी आहे. बूस्ट दाबल्यावर काही क्षण जहाज जास्त चपळ फिरतं, तेवढ्यात नाक ओढून घ्यायचं. मात्र प्रत्येक बूस्ट इंजिनच्या कपॅसिटरमधली, म्हणजे साठ्यातली, ऊर्जा खातो. लागोपाठ दोन मारले आणि तिसरा दाबला तर बऱ्याच जहाजांत काहीच होत नाही, आणि ते कळतं नेमकं क्षेपणास्त्र मागे लागल्यावर.

इथे पिप्स, म्हणजे ऊर्जावाटपाचे ठिपके, आले. एकूण सहा, तीन खान्यांत वाटलेले: सिस्टिम्स, इंजिन, वेपन्स. सुरुवातीला दोन-दोन-दोन, एका खान्यात जास्तीत जास्त चार. एका खान्याचं बटण दाबलं की तिथे एक पिप वाढतो आणि बाकीच्या दोघांतून अर्धा-अर्धा जातो. म्हणजे समान वाटणीपासून इंजिन दोनदा दाबलं की इंजिनला चार, इतरांना एक-एक. घाईत आधीच्या वाटणीवर नवीन दाबत गेलं की अर्ध्या-अर्ध्यांचा घोळ होतो. त्यापेक्षा आधी रीसेट, मग हवं ते दोनदा. तीन दाबांची ही सवय बोटांना लागली की खाली बघावं लागत नाही.

वेपन्सचे पिप्स वाढवले म्हणून गोळीचा मार वाढत नाही, कपॅसिटर लवकर भरतो एवढंच. सिस्टिम्सचे पिप्स मात्र दुहेरी काम करतात: शील्ड, म्हणजे जहाजाभोवतीचं ऊर्जेचं कवच, भरायला लागणारा कपॅसिटर लवकर भरतो आणि शिवाय शील्डला बसणारा मारही कमी होतो. इंजिनचे पिप्स कमाल वेग आणि वळण दोन्ही सुधारतात. त्यामुळे समोरासमोर येताना चार सिस्टिम्सला, बाजूने सुटताना चार इंजिनला, शेपटीला लागलात की चार वेपन्सला. दोन-दोन-दोनवर अख्खी लढाई खेळणारा पायलट चांगला नेमबाज असला तरी मार खातो.

आता फ्लाइट असिस्ट. तो चालू असताना कॉम्प्युटर तुमची घसरण आणि फिरणं स्वतः थांबवतो. बंद केला की जहाज ज्या दिशेने चाललंय तिकडेच वाहत राहतं आणि फिरायला लागलं की उलटा धक्का देईपर्यंत फिरतच राहतं. (कमाल वेगाची मर्यादा तरीही सुटत नाही, त्यामुळे शुद्ध न्यूटन शोधणाऱ्यांची निराशा होईल.) बरेच लोक एकतर तो कधीच बंद करत नाहीत, नाहीतर हट्टाने कायम बंद ठेवतात. व्यवहारात त्याचा वापर चिमटीने करायचा असतो, एका वळणापुरता.

समोरासमोर चाल करून दोघं एकमेकांना ओलांडतात तेव्हाची गिरकी अशी. अंतर साधारण १ किलोमीटर उरलं की थ्रॉटल निम्म्यावर आणि पिप्स इंजिनला. शत्रू ज्या बाजूने जाणार ती बाजू डोक्यावर येईल असा रोल आधीच द्यायचा, कारण या गेममध्ये नाक वर-खाली जितकं झटकन वळतं तितकं डावी-उजवीकडे वळत नाही. ओलांडताना फ्लाइट असिस्ट बंद, थ्रॉटल शून्य, स्टिक पूर्ण मागे. थ्रॉटल शून्य करायला विसरलं की जहाज नाक वळेल तिकडे ढकललं जात राहतं आणि गिरकीचा फज्जा उडतो. शत्रूचा ठिपका रडारवर पुढच्या अर्ध्यात आला, नाक लक्ष्यापासून वीस-तीस अंशांवर राहिलं की असिस्ट परत चालू. तो गिरकी थांबवतो.

चूक होते ती इथेच. असिस्ट परत आला की तो घसरणही थांबवायला लागतो, आणि वाहण्याची दिशा मागे व नाक पुढे अशा अवस्थेत जहाज क्षणभर जवळजवळ उभं राहतं. उभं जहाज म्हणजे आयतं लक्ष्य. उपाय दोन: असिस्ट चालू करतानाच बूस्ट, किंवा असिस्ट आणखी थोडा बंद ठेवून वर-खालचे थ्रस्टर (जहाज वर किंवा खाली सरकवणारी छोटी इंजिनं) मारत नेम धरायचा. पहिला सोपा, दुसरा स्वस्त. सरावाच्या वेळी समोरून सरकणाऱ्या धुळीच्या बारीक ठिपक्यांकडे लक्ष ठेवलं तर जहाज खरोखर कुठे वाहतंय ते कळतं. आकड्यांवरून ते कळत नाही.

वर-खालचे थ्रस्टर हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. नाक वर ओढताना वरचा थ्रस्टर दाबला तर वर्तुळ लहान होतं, पाठलागात आतून वळायला हे हवं. नाक वर ओढताना खालचा दाबला तर जहाज लक्ष्याभोवती गोल फिरतं आणि नाक लक्ष्यावरच राहतं. मोठ्या, मंद जहाजाच्या पोटाखाली राहून झोडपायला हे हवं. दोन्हींत स्टिक एकाच दिशेला असते, म्हणून अंगठा चुकला की नेमकं उलटं घडतं.

शस्त्रांबद्दल थोडक्यात. शील्ड उतरवायला लेझर, हल, म्हणजे जहाजाचं अंग, फोडायला मल्टिकॅनन ही गोळ्यांची तोफ. लेझरचा पल्ला ३ किलोमीटर लिहिलेला असला तरी पल्स लेझरचा मार ५०० मीटरनंतरच घटायला लागतो, त्यामुळे लांबून चकमक दाखवण्यात अर्थ नाही. गिम्बल शस्त्रं स्वतः नेम धरतात, पण समोरच्याने चाफ (नेम चुकवणारे धातूचे तुकडे) सोडला की ती वेड्यासारखी डोलतात. तेवढा वेळ टार्गेट सोडून द्यायचं. मग ती सरळ समोर मारतात आणि नेम तुम्ही धरायचा. शील्ड सेल बँक (शील्ड भरून देणारा भाग) दाबल्यावर शील्ड लगेच भरत नाही, साधारण पाच सेकंद जातात आणि मग उष्णता झरकन चढते. उष्णता बाहेर टाकणारा हीट सिंक बटणाबरोबर नव्हे, उष्णता चढायला लागते तेव्हा सोडायचा. आधी सोडला तर वाया, आणि पारा १०० टक्क्यांवर गेला की आपलीच मॉड्यूल्स जळायला लागतात.

बटणांची मांडणी. थ्रॉटल वेगळा असेल तर सेटिंगमध्ये त्याची पूर्ण लांबी फक्त पुढच्या वेगासाठी द्या आणि उलट वेगाला वेगळं बटण. निळा भाग हाताला दुप्पट सोपा सापडतो. फ्लाइट असिस्टचं बटण टॉगलऐवजी धरून ठेवायचं करा, म्हणजे तो बंद राहिल्याचं विसरणं बंद होतं. चार पिप्स बटणं, बूस्ट, असिस्ट आणि वर-खालचे थ्रस्टर ही हात न उचलता पोचली पाहिजेत. बाकी सगळं कीबोर्डवर गेलं तरी चालतं. स्टिक सोडल्यावरही नाक सरकत असेल तर त्या अक्षाचा डेडझोन (मधला निष्क्रिय पट्टा) किंचित वाढवा, जास्त वाढवलात तर बारीक नेम मरतो. आणि बाइंड्सच्या (बटणांच्या मांडणीच्या) फाइलची प्रत काढून ठेवा. जॉयस्टिक जोडलेली नसताना गेम उघडला तर तुमची मांडणी लोड न होता मूळ मांडणी पुढे येऊ शकते, आणि साठ-सत्तर बटणं पुन्हा लावणं ही शिक्षा आहे.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत. डावी-उजवीकडे वळण मुद्दाम मंद ठेवलंय, ते विमानासारखं वाटावं म्हणून ठीक, पण जवळच्या लढाईत चीड आणतं. इंजिनिअरिंगमुळे, म्हणजे जहाजाचे भाग सुधारून घेण्याच्या सोयीमुळे, तर तोच सांगाडा इतका बदलतो की पाचव्या श्रेणीची इंजिनं लावलेल्या माणसापुढे साध्या जहाजाचं कौशल्य फार पुरत नाही. आधी कमी धोक्याच्या खाणस्थळांवर सराव करा. जहाज गेलं तर किमतीच्या ५ टक्के भरून परत मिळतं, महाग जहाजावर तेही डोळ्यांत पाणी आणतं.

व्हल्चर घेणार असाल तर एक सांगायला हवं. दोन मोठ्या शस्त्रजागा आणि अफाट वळण, पण पॉवर प्लांट तोकडा. शस्त्रं बाहेर काढली की वीज अपुरी पडते आणि खालच्या प्राधान्याची मॉड्यूल्स आपोआप बंद होतात. कार्गो हॅच सर्वांत खाली टाका, लढाईत त्याचं काही काम नाही. फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह, म्हणजे लांब झेप घेऊन पळायचं इंजिन, हाही खाली टाकता येतो, कारण शस्त्रं बाहेर असताना तो तसाही चार्ज होत नाही. मात्र शस्त्रं आत घेतल्यावर तो पुन्हा जागा व्हायला काही सेकंद लागतात, तेव्हा पळायचा निर्णय शील्ड एका रिंगवर (पडद्यावरच्या शील्डच्या वर्तुळांपैकी एकच उरलेलं) असतानाच घ्या, उतरल्यावर नको.