मांडव्याहून शिडाची बोट, सासूबाईंसह

मांडव्याहून खांदेरीच्या दिशेने अर्ध्या दिवसासाठी शिडाची बोट भाड्याने घेतली. स्वतः चालवायची हौस होती, पण तांडेलासकट घेतली ते बरं केलं. जाळ्यांचे बोये त्यालाच आधी दिसायचे. चुकलो बोट निवडताना. एका बुडाची स्वस्त पडली खरी, पण सकाळचा मऊ मतलई वारा पडून दुपारी खारा वारा सुटला आणि ती अशी कलली की सासूबाईंनी घावनांचा डबा उघडलाच नाही. मांडीत घट्ट धरून बसल्या, घरी येऊन खाल्ली! वयस्कर माणसं असतील तर दोन बुडांची कॅटामरान घ्या, फारशी कलत नाही. शौचालय आहे का, तेही विचारा. आमच्या बोटीत नव्हतं.